क्षमा मागायला निघालेला गुप्तहेर
‘द बोर्न सुप्रीमसी’ : एका हेरपटाचे गुण आणि उणिवा

हेरपटाचा शेवट कसा होणार, हे प्रेक्षकाला बहुधा तिकीट काढतानाच ठाऊक असते. खलनायकाचा अड्डा उद्ध्वस्त होतो, नायक धुरातून बाहेर येतो आणि टाळ्यांच्या गजरात दिवे लागतात. 2004 साली प्रदर्शित झालेल्या ‘द बोर्न सुप्रीमसी’ या अमेरिकन चित्रपटाचा कळस मात्र मॉस्कोतील एका साध्या सदनिकेत घडतो. जखमी नायक खुर्चीवर बसला आहे आणि समोर भेदरलेली एक तरुणी उभी आहे. तिच्या आईवडिलांचा मारेकरी आपणच, हे तो तिला सांगतो आणि क्षमा मागतो. मारधाडीसाठी तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला हा शेवट अनपेक्षित असतो. जैन कुटुंबात वाढलेल्या प्रेक्षकाला मात्र त्यात ओळखीचे काही सापडते.

या चित्रपटाला दोन दशके उलटून गेली, तरी हेरपटांची चर्चा निघाली की त्याचे नाव आजही निघतेच. त्याची शैली पुढे अनेकांनी उचलली. त्याचा आशय मात्र फारसा कोणी उचलला नाही. म्हणून त्याच्या गुणांचा आणि उणिवांचा हिशेब मांडताना शैली आणि आशय ही दोन्ही खाती वेगवेगळी तपासावी लागतात. चित्रपट जुना असल्याने पुढील विवेचनात कथेचा शेवटही आला आहे.

पहिल्या भागाची पुंजी

रॉबर्ट लडलम या अमेरिकन कादंबरीकाराने जेसन बोर्न हे पात्र 1980 साली निर्माण केले. त्यावर आधारलेला ‘द बोर्न आयडेंटिटी’ हा चित्रपट 2002 साली आला, तेव्हा लडलम हयात नव्हते. भूमध्य समुद्रात गोळ्या लागलेल्या अवस्थेत एक तरुण कोळ्यांना सापडतो. त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. परंतु शत्रूवर मात करण्याची सगळी विद्या त्याच्या अंगात भिनलेली आहे. आपण अमेरिकेच्या सी.आय.ए. या गुप्तचर संस्थेच्या छुप्या योजनेतील मारेकरी होतो, हे त्याला हळूहळू कळते. शेवटच्या कामगिरीत सावज समोर असताना त्याच्या अंगावर झोपलेले लहान मूल दिसले आणि बोर्नचा हात थांबला. तेथूनच त्याचे जुने आयुष्य संपले. मारी या जर्मन तरुणीच्या सोबतीने तो नवे आयुष्य सुरू करतो आणि पहिला भाग संपतो.

डग लिमन यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटाने जगभरातून 21 कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. चाललेल्या मालाची दुसरी खेप काढावी, हा व्यापाराचा साधा नियम आहे. चित्रपटसृष्टी त्याला अपवाद नाही. दुसऱ्या खेपेत बहुधा तोच माल अधिक झगमगीत वेष्टनात येतो. पाठलाग लांबतात, स्फोट वाढतात, देश बदलतात आणि नायक होता तेथेच राहतो. ‘द बोर्न सुप्रीमसी’च्या निर्मात्यांनी हा सोपा मार्ग सोडला. नव्या भागासाठी त्यांनी पॉल ग्रीनग्रास या ब्रिटिश दिग्दर्शकाची निवड केली. ग्रीनग्रास यांची घडण दूरचित्रवाणीवरील शोधपत्रकारितेतून झाली होती. 1972 साली उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला, त्या घटनेवर त्यांनी 2002 मध्ये ‘ब्लडी संडे’ हा चित्रपट केला होता. गोळी सुटल्यावर माणसाचे काय होते, याचा विचार केलेल्या दिग्दर्शकाच्या हाती हा हेरपट आला.

पटकथाकार टोनी गिलरॉय यांनीही धाडस केले. लडलम यांच्या 1986 सालच्या त्याच नावाच्या कादंबरीचे कथानक हाँगकाँग आणि चीनमध्ये घडते. गिलरॉय यांनी कादंबरीचे नाव ठेवले आणि कथा जवळजवळ संपूर्ण नवी रचली. ज्याने स्मृतीबरोबर आपली पापेही गमावली आहेत, त्याला ती एकेक करून आठवू लागली तर तो काय करील, हा त्या नव्या कथेचा प्रश्न आहे.

गोव्यापासून मॉस्कोपर्यंत

कथेचा आरंभ गोव्यात होतो. बोर्न आणि मारी समुद्रकिनाऱ्यालगत नाव लपवून राहत आहेत. दोन वर्षे शांततेत गेली आहेत. पण बोर्नला रात्री झोप लागत नाही. एक हॉटेल, एक खोली, अंधुक चेहरे अशी तुकड्यातुकड्यांची स्वप्ने त्याला जागे करतात. मारी त्याला जे आठवेल ते वहीत लिहून ठेवायला सांगते.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये सी.आय.ए.च्या अधिकारी पामेला लँडी तीस लाख डॉलर देऊन काही रशियन कागदपत्रे विकत घेण्याच्या बेतात असतात. किरिल नावाचा रशियन मारेकरी तो व्यवहार उधळतो, दोघांना ठार करतो आणि घटनास्थळी बोर्नच्या बोटाचा ठसा मुद्दाम सोडतो. मग बोर्नलाही कायमचे संपवण्यासाठी तो गोव्यात येतो. पाठलागात बोर्न आणि मारी जीपमधील जागा बदलतात. बोर्नसाठी झाडलेली गोळी मारीला लागते आणि जीप पुलावरून नदीत कोसळते.

गोळी लागण्यापूर्वीचे त्या दोघांचे बोलणे अवघ्या काही वाक्यांचे आहे, परंतु सगळा चित्रपट त्यावर उभा आहे. त्यांनी आपल्यापुढे दुसरा पर्यायच ठेवलेला नाही, अशा अर्थाचे बोर्न बोलतो. पर्याय असतो, असे मारी त्याला सांगते. पुढच्याच क्षणी ती जाते. बोर्नच्या हाती तिचे एक छायाचित्र आणि तो शब्द एवढेच उरते.

पुढे नेपल्स, म्युनिक, बर्लिन आणि मॉस्को असा त्याचा प्रवास होतो. आरंभी तो सुडासाठी निघाला आहे असे वाटते. बर्लिनमधील एका हॉटेलच्या खोलीत उभा राहिल्यावर मात्र स्वप्नातले तुकडे जुळतात. व्लादिमीर नेस्की हा सुधारणावादी रशियन राजकारणी आणि त्याची पत्नी यांना त्याने याच खोलीत मारले होते. ती त्याची पहिली कामगिरी होती. नेस्की एकटा असेल अशी माहिती त्याला दिलेली होती. पत्नी अचानक समोर आली, तेव्हा त्याने तिलाही मारले आणि तिनेच पतीला मारून स्वतःला संपवले असे दृश्य रचले. पोलिसांनी ते खरे मानले. त्यांची मुलगी इरेना हेच सत्य मानून मोठी झाली.

या हत्येमागे कोणतेही राष्ट्रहित नव्हते. सी.आय.ए.चा वरिष्ठ अधिकारी वॉर्ड अ‍ॅबट याने ग्रेटकोव्ह या रशियन तेलसम्राटाशी संगनमत करून संस्थेचे दोन कोटी डॉलर पळवले होते. ही चोरी नेस्कीला माहीत होती, म्हणून त्याचे तोंड बंद करण्यात आले.

कृत, कारित आणि अनुमोदित

चित्रपटाचे पहिले बलस्थान येथे आहे. बहुतेक हेरपटांत शत्रू हा दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या विचाराचा किंवा सरळसरळ वेडा असतो. येथे शत्रूचे मूळ लोभात आहे. पैशाची एक अफरातफर झाकण्यासाठी एक खून होतो, तो झाकण्यासाठी पुरावा नष्ट केला जातो, पुरावा नष्ट केल्याचे लपवण्यासाठी निरपराध मारी मरते आणि शेवटी अ‍ॅबट स्वतःच्या विश्वासू सहकाऱ्यालाही मारतो. रोजमेळात दडवलेली एक रक्कम पुढच्या प्रत्येक पानावर खोटी नोंद करायला लावते, हे व्यापारी घरातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांपैकी लोभाला माया, म्हणजे कपट, कसे लागते याचे हे स्पष्ट चित्र आहे.

ब्रायन कॉक्स यांनी साकारलेला अ‍ॅबट राक्षसी वाटत नाही, हे त्यांच्या अभिनयाचे यश. तो बैठकीत बसणारा, अनुभवी, थकलेला अधिकारी आहे. त्याने स्वतः बंदूक चालवलेली नसते. त्याने केवळ आदेश दिलेला असतो. जैन आचारशास्त्रात पाप तीन प्रकारे घडते : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले. कृत, कारित आणि अनुमोदित ही त्रयी पाठशाळेतील मुलांनाही पाठ असते. बोर्नचे पाप कृत आहे, अ‍ॅबटचे कारित. चित्रपट दोघांनाही एकाच तराजूत ठेवतो आणि आदेश देणाऱ्याला कमी दोषी ठरवत नाही. उलट आदेश पाळणारा पश्चात्तापापर्यंत पोहोचतो आणि आदेश देणारा शेवटपर्यंत आपण देशसेवकच आहोत असे सांगत राहतो.

दुसरे बलस्थान म्हणजे नायकाचा आवरलेला हात. बर्लिनमधील खोलीत बोर्न अ‍ॅबटवर पिस्तूल रोखतो. मारीच्या मृत्यूचा खरा सूत्रधार समोर आहे, कोणी साक्षीदार नाही आणि प्रेक्षकही गोळीची वाट पाहत आहे. बोर्न गोळी झाडत नाही. मारीला हे आवडले नसते, एवढेच कारण तो देतो आणि अ‍ॅबटने दिलेली कबुली ध्वनिमुद्रित करून निघून जातो. मॉस्कोत किरिलची गाडी काँक्रीटच्या खांबावर आदळते, तेव्हाही तो तसाच पाठ फिरवतो. मारीने सांगितलेला पर्याय तो दोनदा निवडतो.

जैन ग्रंथांत गृहस्थाच्या हिंसेचे चार भेद सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. घरकामात घडणारी आरंभी, व्यवसायात घडणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणात घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. संकल्पपूर्वक केलेली हिंसा मात्र त्याने सर्वथा सोडावी, अशी शिकवण आहे. या दृष्टीने पाहिले तर नेस्की दांपत्याची हत्या संकल्पी होती. म्युनिकमध्ये बोर्नचा जुना सहकारी यार्दा त्याच्यावर तुटून पडतो, ती झटापट विरोधी. अ‍ॅबटला मारले असते तर ती पुन्हा संकल्पी हिंसा झाली असती. बोर्नला हे शब्द ठाऊक नाहीत. पण कोणत्या रेषेपाशी थांबायचे, हे त्याला कळू लागले आहे. ती रेषा पटकथेने ज्या नेमकेपणाने आखली आहे, तो नेमकेपणा मारधाडीच्या चित्रपटांत विरळा आहे.

मॉस्कोतील सदनिका

तिसरे आणि सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे क्षमायाचनेचा प्रसंग. अ‍ॅबट उघडा पडला आहे, मारीचा मारेकरी मागावर आहे आणि बोर्नला कुठेही निसटून जाता येईल. तो मॉस्कोला जातो. खांद्यात गोळी लागलेली असताना पत्ता शोधत इरेनाच्या घरी पोहोचतो. त्याला तेथे काहीही मिळवायचे नाही. तिच्या घरात तिच्या आईवडिलांसोबतचे एक छायाचित्र आहे. आपल्या आईने वडिलांना मारले, हे ओझे ती आजवर वाहत आली आहे. बोर्न तिला सांगतो की तिच्या आईने कोणाला मारले नाही आणि स्वतःलाही संपवले नाही. दोघांनाही आपणच मारले.

मॅट डेमन यांचा अभिनय येथे अत्यंत संयत आहे. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाण्याचा पूर नाही, समर्थन नाही. मला आदेश होता, मला फसवले गेले अशा सबबी त्याला सहज देता आल्या असत्या. ती कामगिरी होती, असे तो सांगतो आणि त्यामागे लपत नाही. ओक्साना अकिन्शिना या रशियन अभिनेत्रीने इरेनाची भूमिका केली आहे. तिच्या चेहऱ्यावर भीती, अविश्वास आणि दुःख एकामागून एक उतरत जातात. ती क्षमा करते का? चित्रपट ते सांगत नाही. ती काही बोलायच्या आत तो बाहेर बर्फात निघून जातो.

‘तत्त्वार्थसूत्रा’त प्रायश्चित्ताचे नऊ भेद दिले आहेत. त्यांतील पहिला आलोचना, म्हणजे झालेला दोष न लपवता, न सजवता सांगणे. दुसरा प्रतिक्रमण, म्हणजे जेथून पाऊल चुकले तेथवर परत फिरणे. बोर्नचा प्रवास भूगोलानेही तसाच आहे. मारीच्या मृत्यूपासून तो मागे मागे जात आपल्या पहिल्या पापाच्या खोलीत येतो आणि तेथून ज्या जिवाला त्या पापाची झळ लागली, त्याच्या दारात उभा राहतो. त्याच ग्रंथात व्रती कोणाला म्हणावे हे सांगताना तो शल्यरहित असावा, असे म्हटले आहे. आत रुतलेला काटा काढल्याशिवाय व्रत टिकत नाही. बोर्नची रात्रीची स्वप्ने हे त्याचे शल्य आहे आणि ते काढण्याची किंमत तो स्वतः मोजतो.

हॉलिवुडच्या लेखकांनी जैन ग्रंथ वाचून हा प्रसंग लिहिला, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. पश्चात्ताप हा सर्व धर्मांच्या परिचयाचा भाव आहे. दखल घेण्याजोगे आहे ते एवढेच, की सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्चून बनवलेल्या मनोरंजनपटाने आपला कळस एका माफीवर उभा केला आणि तरीही जगभरात 28 कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. हिंसेवाचून प्रेक्षक येत नाही, या व्यावसायिक सबबीला त्यामुळे थोडा तरी छेद जातो.

थरथरता कॅमेरा

आता उणिवांकडे वळले पाहिजे. ‘द बोर्न सुप्रीमसी’वर सर्वाधिक टीका झाली ती त्याच्या चित्रणशैलीवर. कॅमेरा हातात धरून, पात्रांच्या अगदी जवळ जाऊन, सतत हलत्या अवस्थेत बहुतांश चित्रण केले आहे. एक दृश्यतुकडा सरासरी दोन सेकंदांच्या आसपास टिकतो. 108 मिनिटांच्या चित्रपटात असे हजारो तुकडे आहेत. अनेक प्रेक्षकांना चित्रपटगृहात अक्षरशः गरगरल्यासारखे झाले.

या शैलीला न्याय द्यायचा तर तिचा हेतू ध्यानात घ्यावा लागतो. ग्रीनग्रास यांना प्रेक्षकाला दूरच्या सुरक्षित खुर्चीतून उठवून बोर्नच्या शेजारी उभे करायचे होते. म्युनिकच्या घरातील झटापटीत ते साधले आहे. गुंडाळलेले मासिक हेच बोर्नचे शस्त्र. पार्श्वसंगीत नाही, ऐटदार पवित्रे नाहीत, केवळ दमछाक आणि धडपड. झटापट संपते तेव्हा जिंकलेल्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नाही. हिंसा कुरूप असते, हे सत्य तेथे कॅमेऱ्याच्या थरथरीने अधिक नीट सांगितले आहे. मॉस्कोतील पाठलागात टॅक्सीच्या आत बसल्याचा जो भास होतो, त्यामागेही मोठे तांत्रिक कसब आहे.

परंतु एका प्रसंगात शोभणारी युक्ती सर्वत्र वापरली की ती सवय होते. दोन माणसे खोलीत बसून बोलत असतानाही कॅमेरा डुलतो, तेव्हा त्याला काही अर्थ उरत नाही. पाठलागात कोणती गाडी कोठे आहे, कोण कोणाला धडकले, हे समजण्याआधीच दृश्य बदलते. याचा एक नैतिक परिणामही आहे. आघात इतक्या वेगाने डोळ्यांपुढून जातात की त्यांची वेदना मनापर्यंत पोहोचतच नाही. उरते ती केवळ उत्तेजना. ज्या चित्रपटाला एका हत्येचे ओझे दाखवायचे आहे, त्याच्याच शैलीमुळे इतर आघात हलके होतात.

पुढे या शैलीची लाट आली. 2008 च्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’ या जेम्स बाँडपटात मारधाडीच्या चित्रणासाठी याच चित्रपटातील डॅन ब्रॅडली यांना घेतले गेले आणि त्या चित्रपटावरही हीच टीका झाली. स्वतः ग्रीनग्रास यांनी 2007 च्या ‘द बोर्न अल्टिमेटम’ या पुढील भागात हीच पद्धत अधिक सफाईने वापरली; त्या भागाला संकलनासह तीन ऑस्कर पुरस्कार लाभले. अनुकरण करणाऱ्यांनी थरथर घेतली, मॉस्कोची सदनिका मात्र घेतली नाही.

न मोजलेले जीव

दुसरी उणीव अधिक खोल आहे. बोर्नला नेस्की दांपत्याचे दुःख आहे. परंतु मॉस्कोच्या रस्त्यावर त्याच्या आणि किरिलच्या गाड्यांनी जी वाहने चिरडली, त्यांतील माणसांकडे चित्रपट एकदाही वळून पाहत नाही. ती कोणाची तरी आई, कोणाचा तरी मुलगा असेल. सूक्ष्म जीवांचीही गणना करणाऱ्या परंपरेतील प्रेक्षकाला ही बेपर्वाई खटकल्याशिवाय राहणार नाही. ज्यांची नावे कथेला माहीत आहेत त्यांच्यासाठी पश्चात्ताप आणि बाकीचे रस्त्यावरचे सामान, असा हा पंक्तिप्रपंच आहे.

गोव्याच्या चित्रणातही हाच दोष आहे. समुद्र, बाजार, माणसांची वर्दळ यांनी पडदा सुंदर दिसतो, पण गोव्यातील एकाही माणसाला कथेत स्थान नाही. त्या भूमीचे काम एवढेच, की परदेशी जोडप्याला लपायला जागा द्यावी आणि वेळ आली की मागे सुटावे. मराठी आणि कोंकणी प्रेक्षकाला ओळखीची भूमी दिसल्याचा आनंद होतो आणि लगेच ती परकी करून दाखवल्याची रुखरुखही लागते.

तिसरी उणीव मारीच्या वाट्याला येते. पहिल्या भागात ती स्वतंत्र बुद्धीची, धीट स्त्री होती. येथे फ्रांका पोटेन्टे यांना पडद्यावर फार थोडा वेळ मिळतो; नायकाला घराबाहेर काढण्यासाठी तिचा मृत्यू योजला आहे. तिचा शब्द पुढे बोर्नला वाट दाखवतो, ही तिची बाजू पटकथेने सांभाळली असली तरी तो शब्द सांगायला तिचे मरण कशाला हवे होते, हा प्रश्न राहतो. त्या मानाने जोन अ‍ॅलन यांची पामेला लँडी पूर्ण उभी राहते. ती बोर्नला पकडण्यासाठी निघते, पुरावा दुसरीकडे बोट दाखवू लागताच आपले मत बदलते आणि वरिष्ठालाही प्रश्न विचारते. आपला निष्कर्ष चुकीचा असू शकतो हे मान्य करणारी अधिकारी हेरपटात क्वचितच भेटते.

चौथी उणीव क्षमायाचनेतच दडलेली आहे. बोर्न सत्य सांगतो आणि निघून जातो. त्या मुलीचे पुढे काय? ती एकटी आहे, परिस्थितीने साधी आहे आणि आता तिला एक नवे सत्य पेलायचे आहे. सांगणाऱ्याचे मन हलके झाले. ऐकणारीचे झाले की नाही, हे पाहायला तो थांबत नाही. कायद्यापुढेही तो उभा राहत नाही. आलोचना झाली, प्रायश्चित्ताची पुढची पायरी मात्र अधुरी राहिली. त्यात भर म्हणजे या गंभीर प्रसंगानंतर चित्रपट न्यूयॉर्कमध्ये एक चटपटीत दृश्य जोडतो. लँडी बोर्नला त्याचे खरे नाव सांगते, तो तिला दूरवरून पाहत असल्याचे एका वाक्यात जाणवून देतो आणि गर्दीत मिसळतो. प्रेक्षक हसत बाहेर पडतो, पुढच्या भागाची सोय होते आणि मॉस्कोची शांतता थोडी पुसली जाते. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या खेपेची जाहिरात करावी लागते, ही मालिकापटांची मर्यादा येथे उघडी पडते.

पाहणाऱ्याचा वाटा

मग हा चित्रपट जैन कुटुंबाने पाहावा का? अमेरिकेत त्याला तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र दिलेले आहे आणि ते योग्यच आहे. म्युनिकची झटापट आणि बर्लिनच्या खोलीतील आठवणी लहान मुलांसाठी नाहीत. परंतु घरातील तरुण मुले हेरपट पाहणारच आहेत. मोबाइलच्या पडद्यावर, एकट्याने, कानात यंत्र घालून ते पाहिले जातात आणि त्यावर कोणाशी बोलणे होत नाही. अशा वेळी ‘पाहू नकोस’ या आज्ञेपेक्षा सोबत बसून पाहणे आणि नंतर दोन प्रश्न विचारणे अधिक उपयोगी पडते. अ‍ॅबटला गोळी घातली नाही, तेव्हा तुला वाईट वाटले का? मॉस्कोच्या रस्त्यावरील लोकांचे काय झाले असेल?

पहिला प्रश्न अनुमोदनेचा आहे. पडद्यावरील हिंसा खोटी असते. परंतु तिला मिळणारी मनातली संमती खरी असते. ‘मार त्याला’ असे मन म्हणते, त्या क्षणी भाव कोणत्या दिशेने वाहतात, हे तपासण्याची सवय जैन घरात असायला हवी. बहुतेक हेरपट ही संमती गृहीत धरूनच रचलेले असतात. ‘द बोर्न सुप्रीमसी’ ती संमती आधी जागी करतो आणि मग दोन वेळा नायकाचा हात आवरून प्रेक्षकाला तिच्यासमोर उभे करतो. त्यामुळे त्याच्यावर घरात बोलता येते.

बोलण्याचा आणखी एक विषय मोठ्यांसाठी आहे. संवत्सरी असो वा क्षमावाणी, त्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’चे शेकडो संदेश इकडून तिकडे जातात. छापील पत्रिकांची जागा आता मोबाइलवरील फुलांच्या चित्रांनी घेतली आहे. ग्राहक, पुरवठादार, दूरचे नातलग, शाळेचे सोबती सर्वांना एकाच वेळी क्षमा मागितली जाते. दुकानाच्या वाटणीवरून ज्या भावाशी अबोला धरला, हिशेबात ज्या भागीदाराला चार पैसे कमी दिले, ज्या नोकराला गल्ल्यातील तुटीबद्दल विनाकारण दोषी ठरवले, त्याच्या दारात जाऊन झालेला दोष नाव घेऊन सांगणे मात्र राहून जाते. सर्वांना पाठवलेल्या संदेशात कोणताच दोष सांगावा लागत नाही, म्हणून तो पाठवणे सोपे असते.

बोर्नने इरेनाला पत्र पाठवले असते तरी सत्य तिच्यापर्यंत पोहोचले असते. तो स्वतः गेला, समोर बसला आणि काय केले ते स्पष्ट शब्दांत सांगितले. क्षमा मिळेल अशी अटही त्याने घातली नाही. त्याच्या माफीत जी अपुरी बाजू राहिली, ती म्हणजे भरपाई आणि सोबत. ती पुरी करणे गृहस्थाला त्याच्यापेक्षा सोपे आहे; कारण गृहस्थाला माफी मागून पळायचे नसते, त्याच गावात, त्याच पेठेत राहायचे असते. ज्या नोकरावर खोटा आळ घेतला, त्याचे कापलेले पैसे परत देऊन चार लोकांसमोर आळ मागे घेता येतो. भागीदाराची जुनी खतावणी पुन्हा उघडता येते.

चित्रपट म्हणून ‘द बोर्न सुप्रीमसी’ निर्दोष नाही. त्याचा कॅमेरा थकवतो, कथानकाची गुंतागुंत पहिला भाग न पाहिलेल्याला जड जाते आणि रस्त्यावरच्या माणसांची त्याला कदर नाही. तरी मारधाडीच्या मालिकेतील दुसऱ्या भागाने नायकाला अधिक बलवान करण्याऐवजी अधिक उत्तरदायी केले, ही त्याची मोठी जमेची बाजू. पर्युषणापूर्वीच्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळी घरातील जाणत्या मुलांसोबत तो पाहावा. मॉस्कोचा प्रसंग संपल्यावर चित्रपट क्षणभर थांबवून, क्षमेच्या यादीत यंदा पहिले नाव कोणाचे असायला हवे, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.